गोळीआधीचे ताट : डॉ. महताब बामजी यांचे संशोधन

उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कुन्नूरला १९१८ मध्ये बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू झालेले हे काम १९५८ मध्ये हैदराबादला आले आणि १९६९ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले. मुंबईत शिकलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. महताब बामजी यांनी येथे अनेक वर्षे काम केले.

तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या, जीभ लाल झाली, की आपल्या घरांत ‘उष्णता झाली’ म्हणत. पुष्कळदा ती बी-२ जीवनसत्त्वाची उणीव असते. माझ्यासारखा होमिओपॅथ जीभ पाहून लक्षण लिहून घेतो. परंतु उणीव लक्षणाच्या बरीच आधी सुरू झालेली असते. ती ओळखायची कशी? तांबड्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन रिडक्टेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. बी-२ पासून बनणाऱ्या सहविकराशिवाय त्याचे काम मंदावते. रक्ताच्या नमुन्यात हे सहविकर वरून घालायचे. विकराचा वेग फारसा वाढला नाही तर शरीरात पुरवठा पुरेसा आहे. बराच वाढला तर विकर उपाशी होते. या कसोटीवरचा बामजींचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच काळात नवा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली होती, आणि तिने काही जीवनसत्त्वांचा तोल ढळतो अशी शंका पुढे आली. ती शंका पोटभर जेवणाऱ्या देशांतली. लागोपाठच्या बाळंतपणांनी थकलेल्या, दूध-भाजी क्वचित मिळणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रीचे काय? सहकाऱ्यांसह केलेला बामजींचा या प्रश्नावरचा निबंध १९७५ मध्ये आला. गोळीचा परिणाम मोजायचा तर आधीची स्थिती मोजावी लागते. तशी ती मोजली, तेव्हा गरीब स्त्रियांत बी-गटाची उणीव गोळीपूर्वीच मुरलेली दिसली. सगळा दोष गोळीवर टाकणे सोपे होते, आणि तिला निर्दोष ठरवून मोकळे होणेही. बामजींनी दोन्ही टाळले. पुढे त्यांनी कमी मात्रेची गोळी घेणाऱ्या स्त्रियांना जीवनसत्त्वे देऊन पाहिली. आईच्या शरीरातील बी-२ व बी-६ यांचा तिच्या दुधातील प्रमाणाशी संबंधही तपासला. आईची उणीव तिच्यापाशीच थांबत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

निवृत्तीनंतर त्या दंगोरिया धर्मादाय न्यासाच्या कामात मेदक जिल्ह्यातील नरसापूर भागात गेल्या. तेथे परसबागा लावल्या गेल्या, परसात कोंबड्या पाळल्या गेल्या. प्रयोगशाळेत सापडलेल्या उणिवेचे उत्तर त्यांनी अंगणात शोधले.

आपल्या जुन्या घरांतही बायकांची पंगत शेवटची असे. तोवर भाजी संपलेली असे, ताक पातळ झालेले असे. त्या पंगतीची नोंद कोणत्याही कुलवृत्तांतात नाही. ती रक्ताच्या थेंबातून वाचता येते, हे या शहरातल्या एका प्रयोगशाळेने दाखवले. घरातल्या सुनेला औषध आणून देण्याआधी तिच्या ताटात काय उरते, ते पाहावे.