जादा विजेचं काय करायचं?

मोटारसायकलची बॅटरी सारखी पाणी खाऊ लागली आणि ॲक्सिलरेटर पिळताच हेडलाइटचा बल्ब उडू लागला, तर जुना मेकॅनिक लगेच सांगतो, 'चार्जिंग जादा होतंय.' 12 व्होल्टच्या बॅटरीला साधारण साडेचौदा व्होल्टपर्यंतचं चार्जिंग मानवतं. ते सतत 15 च्या वर राहिलं, की आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात, प्लेटा उघड्या पडतात. गॅरेजच्या भाषेत, बॅटरी उकळते.

हे दुखणं गाडीवर डायनॅमो आला तेव्हापासूनचं आहे. इंजिन जोरात फिरलं की वीज जास्त तयार होणार, आणि बॅटरीला मात्र ठरावीकच हवी. सुरुवातीच्या अनेक डायनॅमोंमध्ये तिसरा ब्रश बसवून प्रवाहाला लगाम घातला जाई. पण बॅटरी भरली आहे की रिकामी, हे त्या ब्रशला कळत नसे. दिवसा चार्जिंग कमी ठेवायचं कामही स्वारानेच बटण फिरवून करायचं. तो विसरला, तर लांबच्या प्रवासात बॅटरी उकळलीच. त्यात बॅटरीची वायर निसटली, तर व्होल्टेज भडकून बल्ब जात.

1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने मोटारसायकलसाठी रेग्युलेटरची डबी आणली आणि हा प्रश्न बराचसा सुटला. डबीतला कटआउट बॅटरीची वीज उलटी डायनॅमोकडे जाऊ देत नसे. शेजारचे थरथरणारे पॉइंट व्होल्टेज वाढलं की उघडत आणि डायनॅमोतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड कॉइलचा प्रवाह कमी करत. वीज जिथे तयार होते तिथेच ती आवरण्याची ही युक्ती फार हुशारीची होती. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले किंवा डबीचं अर्थिंग कच्चं राहिलं, की चार्जिंग वाढे. कानशीने पॉइंट साफ करून आणि अर्थ घट्ट करून ते बहुतेक वेळा ताळ्यावर येई.

मग आला अल्टरनेटर. 1953 च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनवर लुकासचा कायम चुंबकाचा अल्टरनेटर बसला. ब्रश गेले, देखभाल घटली. पण चुंबकाची ताकद कमी-जास्त करता येत नाही. इंजिन फिरतंय तोवर वीज येणारच! त्यावर काढलेला तोडगा अगदीच तोकडा होता. कॉइलच्या तीन जोड्यांपैकी दिवसा एकच चार्जिंगला आणि हेडलाइट लावला की तिन्ही, अशी जोडणी दिव्याच्या स्विचमध्येच केलेली असे. याला नियमन म्हणणं जड जातं.

खरा उपाय 1960 च्या दशकात 12 व्होल्टच्या गाड्यांसोबत आला: झेनर डायोड. क्लॅरेन्स झेनर या भौतिकशास्त्रज्ञाने 1934 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावरून त्याला हे नाव मिळालं. 14 व्होल्टच्या आसपास तो वाहू लागतो आणि जादा विजेची उष्णता करून टाकतो. ती बाहेर जावी म्हणून ट्रायम्फने तो हेडलाइटखाली पंखवाल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर, वाऱ्याच्या तोंडावर बसवला. त्या सांध्यात रंग किंवा मळ राहिला तर डायोड तापून निकामी होई, आणि तांब्याचा स्टड जास्त आवळला तर तुटे.

भारतात बुलेटवाल्यांचा भरवसा हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरवर असे. गाडी सुरू झाल्यावर काटा अधिककडे जावा आणि बॅटरी भरली की मध्याकडे यावा. तो तासन्तास अधिककडेच राहिला, तर काहीतरी बिघडलं आहे हे चालवणाऱ्याला रस्त्यातच कळे. आजच्या बहुतेक गाड्यांवर हा मीटर नाही, याची हळहळ वाटते.

पुढे अल्टरनेटरची एसी वीज डीसी करणारा रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकाच डबीत आले. तिलाच गॅरेजमध्ये आरआर युनिट म्हणतात. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात व्होल्टेज चढताच थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच कॉइलची वीज शॉर्ट करून वळवतात. म्हणून ही डबी तापते आणि म्हणूनच तिला वारा लागतो. 1 एप्रिल 2017 पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे थोडी वीज दिवसाही खर्ची पडते. पण रेग्युलेटरची गरज काही संपलेली नाही.

तेव्हा बॅटरी वारंवार उकळत असेल, तर नवी घेण्याआधी तिच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. आकडा 15 च्या पुढे जात असेल, तर आधी युनिटचं अर्थिंग आणि प्लगमधल्या काळ्या पडलेल्या पिना तपासाव्यात. मगच युनिट बदलावं.