सर्पगंधेची मुळी : रक्तदाबाच्या इतिहासातील अर्धी सांगितली जाणारी गोष्ट

१/ हिंगोलीपासून मुंबईपर्यंत कुठेही जा, ‘बीपी वाढलंय? मुळीचा काढा घ्या’ असे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. या सल्ल्यामागे खरा इतिहास आहे, पण तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. आजचा धागा त्या मुळीवर : सर्पगंधा.

२/ १२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत होता आणि डॉक्टरांच्या हाती खात्रीचे औषध नव्हते. जगातील सर्वांत बलाढ्य माणसाची ही स्थिती, तर सामान्यांची काय कथा!

३/ भारतात मात्र सर्पगंधा जुनीच. सर्पदंशावर आणि उन्मादावर ती दिली जाई. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाबही उतरवते, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून वेगळ्या काढलेल्या एका द्रव्याला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले.

४/ तरीही जगाने लक्ष दिले नाही. ते वळवले मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी ५० रुग्णांना वाळलेल्या मुळीच्या गोळ्या दिल्या, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या.

५/ पुढे चक्रे वेगाने फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून ‘रेसरपीन’ वेगळे झाले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. लोक सहसा गोष्ट इथेच थांबवतात.

६/ उरलेला भाग असा. रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रिनलिनचा साठा रिता करते. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. परंतु मेंदूतील साठेही रिते होतात.

७/ नाक चोंदणे, गुंगी, मंद नाडी, पोटातील व्रण हे त्रास दिसू लागले. १९५० च्या दशकातच काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्यात औषधाचा वाटा किती, यावर पुढे वाद झाला. तथापि ज्यांना पूर्वी नैराश्य आले होते त्यांना हे औषध देऊ नये, हा इशारा कायम राहिला.

८/ रेसरपीनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात. काढ्यात ती कशी मोजणार? प्रत्येक मुळीत द्रव्य कमी-अधिक, उकळण्याचा वेळ निराळा. त्यात रुग्ण रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी आधीच घेत असेल, तर दाब वा नाडी धोकादायक उतरू शकते. गोळी सोडून केवळ काढ्यावर राहणे तितकेच घातक.

९/ सेन-बोस यांच्यापासून वकिलांपर्यंत सर्वांनी मुळी दिली ती रुग्णावर लक्ष ठेवून. घरात कोणी काढा घेत असेल, तर त्यात कोणती मुळी आहे ते विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. या इतिहासाचा एवढा उपयोग तरी व्हावा.