एका नाण्यात शेवटपर्यंत

जपानमधल्या गेम सेंटरमध्ये शंभर येनचं नाणं टाकलं की एक लढाऊ विमान हाताशी येतं, आणि नवख्या माणसाचं ते बहुधा काही मिनिटांतच जळून जातं. १९९७च्या 'दोदोनपाची'त तर अख्खी स्क्रीन गुलाबी-निळ्या गोळ्यांनी भरते. भुईचक्र पेटावं तशा त्या गरगर फिरत, नक्षी काढत खाली उतरतात आणि खेळणाऱ्याला उभं राहायला जागाच उरली नाही असं वाटतं. या खेळांना जपानीत 'दानमाकू' म्हणतात, म्हणजे गोळ्यांचा पडदा. इतकं हरवणाऱ्या यंत्रात माणसं पुन्हा पुन्हा नाणं का टाकतात, याचं सोपं उत्तर जिद्द किंवा व्यसन असं दिलं जातं. पण जिद्द कुठल्याही अवघड गोष्टीत लागते. एवढ्यावरून हाच खेळ का, हे कळत नाही. माझ्या मते या खेळांच्या अवघडपणामागे एक करार आहे: यंत्र अशक्य वाटेल असं काहीही दाखवील, पण अशक्य असं काही करणार नाही. हा करार कसा घडत गेला, हे पाहिलं की त्यातली ओढही कळते.

सुरुवात अर्थातच धंद्याची होती. खेळणारा लवकर उठला तर पुढचं नाणं पडतं, हे दुकानदाराचं गणित. आणि हरलो ते आपल्या चुकीने, असं वाटलं तरच खेळणारा दुसरं नाणं काढतो. १९७८ साली तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने सरकतात. कारण साधं होतं: चित्रं कमी झाली की त्या काळच्या यंत्राचं ओझं हलकं व्हायचं. निशिकादोंनी हा यंत्राचा स्वभाव तसाच ठेवला आणि त्यातून खेळाचा ताण उभा राहिला. कोनामीच्या १९८५च्या 'ग्रेडियस'पर्यंत येता येता मात्र तोल दुकानदाराकडे झुकला होता. तिथे विमान एकदा पडलं की कमावलेली सगळी शस्त्रं जातात, खेळ थोडा मागे नेऊन ठेवतो आणि रिकाम्या हातांनी तीच चढण पुन्हा चढावी लागते. एका चुकीची ही शिक्षा फार मोठी होती.

मग १९९१ साली 'स्ट्रीट फायटर २' आला. दोघांनी समोरासमोर लढायचं, हरलेल्याने उठायचं किंवा पुन्हा नाणं टाकायचं. गेम सेंटरला याहून किफायतशीर काय असणार? विमानांच्या खेळांची गर्दी ओसरली आणि त्यातल्या नावाजलेल्या तोआप्लान कंपनीचं १९९४ साली दिवाळं निघालं. पण त्याआधी, १९९३ला, तिने 'बात्सुगुन' काढला होता. दानमाकूची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मानतात. कंपनीतल्या काही लोकांनी मग 'केव्ह' उभी केली आणि त्सुनेकी इकेदा यांच्या हातून १९९५चा 'दोनपाची' व पुढे 'दोदोनपाची' घडले. त्यांनी जुनी रीत उलटी फिरवली. गोळ्या प्रचंड वाढवल्या, पण त्यातल्या बऱ्याच संथ ठेवल्या. विमान मोठं दिसतं, पण गोळी लागते ती मध्यावरच्या अगदी बारीक ठिपक्यालाच. पंखांवरून गेली तर काही होत नाही. गोळीबाराचं बटण दाबून धरलं की विमान संथ होतं, आणि फटीफटीतून बोटभर सरकता येतं. डोळ्यांना भिंत दिसते आणि हाताला वाट सापडते, या विसंगतीत सगळी गंमत आहे.

हे सगळं नाणी उकळण्यासाठीच, असा आक्षेप घेतला जातो. सुरुवातीबद्दल तो खरा आहे. पण तरबेज खेळाडू एका नाण्यावर अर्धा तास यंत्र अडवून बसतो, आणि नेमका हाच या खेळाडूंचा आदर्श ठरला: एका नाण्यात शेवटपर्यंत. १९८६ ते १९९९ चाललेलं 'गेमेस्ट' मासिक देशभरातले उच्चांक छापायचं, त्यामुळे गल्लीतल्या दुकानातला पराक्रम साऱ्या जपानला कळायचा. त्याहून मोठा पुरावा घरातला आहे. घरी फुकट कितीही वेळा पुढे खेळता येतं, तरी एकाच नाण्याचा नेम लोकांनी तिथेही सोडला नाही. २००२ साली 'झुन' या टोपणनावाच्या एकट्या निर्मात्याने आपली 'तोहो' मालिका विंडोजच्या घरगुती संगणकांवर आणली. तिथे नाण्याचा प्रश्नच नव्हता, तरी गोळ्यांचा पडदा तसाच राहिला आणि मालिका अफाट लोकप्रिय झाली.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: हे निव्वळ पाठांतर नाही का? पाठांतर लागतंच. पण काही गोळ्या ठरलेल्या वाटेने येतात, तर काही खेळणारा त्या क्षणी जिथे असेल तिथे नेम धरून सुटतात. म्हणून जाणकार त्यांना हळूहळू एका कडेला ओढत नेतो आणि झटकन उलट दिशेला निसटतो. पडद्याची नक्षी अशी दोघांची मिळून तयार होते. बंदिश पाठ असली म्हणून गाणं संपत नाही, तसंच हे. रायझिंगच्या १९९६च्या 'बॅटल गारेग्गा'त तर जितका गोळीबार करावा, जितकी शस्त्रं गोळा करावीत, तितका खेळ आतल्या आत कठीण होत जातो. तो आटोक्यात ठेवायला आपलंच विमान मुद्दाम, हिशेबाने गमवावं लागतं. असला हिशेब घोकून साधत नाही.

जाणकारांच्या मागे लागून या खेळांनी नव्यांना दार बंद केलं, हा आरोप मात्र मी पुष्कळसा मान्य करतो. 'केव्ह'ने २००४च्या 'मुशिहिमेसामा'त सोप्यापासून अतिकठीणापर्यंत वेगवेगळे प्रकार ठेवले खरे, पण तोवर गेम सेंटरांतलं गिऱ्हाईक आटत चाललं होतं. तरीही करार पाळला गेला तो अगदी बारीक गोष्टीतसुद्धा. स्क्रीनवर गोळ्या फार झाल्या की ही यंत्रं दमतात आणि खेळ क्षणभर मंदावतो. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधल्या वाढत्या वेगाचीच ही दुसरी बाजू. जुने खेळ नव्या, वेगवान यंत्रांवर आणताना ही मंदगती गळून पडली, तर दाट नक्षीतली वाट शोधायला वेळच उरत नाही. म्हणून आजचे जाणते कारागीर मूळ यंत्राचं ते दमणं मोजून, पारखून नव्या यंत्रात परत घालतात, आणि खेळणारेही तिथेच आधी नजर टाकतात.