निजामाचे फर्मान आणि राष्ट्रपतींची सही

पूर्णा नदीवर येलदरीच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वर हे गाव आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातल्या या गावाचे नाव बाहेर पोहोचले ते तेथील धरणामुळे. राज्यघटना, राष्ट्रपतींचे अधिकार, हुकूमशाहीची भीती हे विषय दिल्लीच्या सभागृहांतले आणि कायद्याच्या ग्रंथांतले मानले जातात. परंतु १९४० च्या सुमारास या परिसरात जन्मलेल्या माणसाने शाळेत जाण्याच्या वयातच एका व्यक्तीच्या इच्छेवर चालणारे राज्य, लष्करी प्रशासन आणि प्रजासत्ताक अशा तीन राजवटी पाहिल्या. सत्ता एका हाती असणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हा सारा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होता. (हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.) सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या राज्यात कायद्याचा अंतिम उगम म्हणजे त्यांचे फर्मान. कार्यकारी मंडळ होते, पण ते निजामाला उत्तरदायी होते, प्रजेला नव्हे. ‘सर्फ-ए-खास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचे उत्पन्न तर थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जमा होई. सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. ज्या परिपत्रकाने हे बंधन आले ते ‘गश्ती निशान ५३’ मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात अखेरपर्यंत येत राहिले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरवण्यात आली. जन्माला न आलेल्या संस्थेवर बंदी घालण्याचे असे उदाहरण विरळाच. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा, कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची ‘पोलीस कारवाई’ हा इतिहास मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनाही आता ठाऊक आहे. सिद्धेश्वरपासून फार दूर नसलेल्या वसमतमधील महाविद्यालयाला या लढ्यातील हुतात्मा बहिर्जी यांचे नाव आहे. त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अधिक बोलके आहे.

राजा राहिला, राज्य गेले

निजामाला पदच्युत करण्यात आले नाही. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास आणि जहागिऱ्या संपुष्टात आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निजामाने आणखी एक फर्मान काढले आणि भारताची राज्यघटना हीच हैदराबादची राज्यघटना राहील, असे जाहीर केले. फर्मानांचे राज्य फर्माननेच संपले. २६ जानेवारी १९५० पासून तेच उस्मान अली खान हैदराबादचे ‘राजप्रमुख’ झाले. हुद्दा होता, मान होता, वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखाही होता. अधिकार तेवढा उरला नव्हता.

या व्यवस्थेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. ‘ब’ वर्गातील राज्यांची सरकारे घटनेच्या मूळ अनुच्छेद ३७१ नुसार दहा वर्षांपर्यंत राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली होती. म्हणजे कालचा सर्वसत्ताधीश आज राष्ट्रपतींच्या निर्देशांना बांधलेला होता. पण राष्ट्रपती तरी कोणाला बांधलेले होते? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे हैदराबादच्या मुक्तीनंतर दोन महिन्यांच्या आत, संविधान सभेत दिले होते. भारताच्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, कार्यकारी सत्तेचे नव्हेत. अमेरिकेच्या अध्यक्षाशी त्यांचे साम्य आहे ते केवळ नावापुरते. आपल्या मंत्र्यांचा सल्ला मानण्याचे बंधन अमेरिकेच्या अध्यक्षावर नाही, आपल्या राष्ट्रपतींवर ते आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

याच संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती मात्र अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा आज सर्व पक्ष उद्धृत करतात, बहुधा दुसऱ्या पक्षाच्या नेत्याकडे बोट दाखवून. ज्ञानोबा-तुकारामांच्या आणि औंढ्याच्या नागनाथाच्या मुलखात ‘भक्ती’ हा शब्द किती खोलवर रुजला आहे, हे जाणणाऱ्या माणसाने तो निवडला होता, हेही ध्यानात घ्यायला हवे.

मध्यरात्रीची सही

मंत्र्यांचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असेल, तर राष्ट्रपती हुकूमशहा होणार नाहीत हे खरे. पण तो सल्ला देणारेच सर्वसत्ताधीश होऊ लागले तर? घटनाकारांच्या काळात हा प्रश्न तात्त्विक होता. २५ जून १९७५ च्या रात्री तो प्रत्यक्षात आला.

अनुच्छेद ३५२ नुसार ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणावरून आणीबाणी पुकारणाऱ्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्या रात्री सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मंत्रिमंडळाला वगळण्यासाठी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आधार घेतला तो १९६१ च्या कामकाज नियमावलीतील नियम १२ चा. निकडीच्या प्रसंगी पंतप्रधानांना या नियमांपासून फारकत घेण्याची मुभा त्यात आहे. देशातील नागरी स्वातंत्र्य ज्या दारातून बाहेर गेले ते घटनेतले नव्हते, कार्यालयीन नियमावलीतले होते.

महाराष्ट्रात त्या एकवीस महिन्यांत काय घडले, याची यादी मोठी आहे. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यावरील घाल्याचा जाहीर निषेध केला. पुढे त्यांना अटक झाली. नागरी स्वातंत्र्यावर चर्चा करण्यासाठी मुंबईतील वकिलांनी आखलेल्या खासगी सभेलाही पोलिसांनी मनाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरवली. औरंगाबादच्या दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले. ज्या पिढीने निजामाच्या परवानगीवाचून सभा घेतल्या, तिच्यातीलच एकाला स्वतंत्र भारतात पुन्हा गजाआड जावे लागले.

नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने दिलेला कौल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी फिरवला. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले. ते बहुमताचे निकालपत्र चुकीचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटले ते २०१७ मध्ये.

याच काळात सत्ताधारी वर्तुळात राष्ट्राध्यक्ष पद्धतीचा पुरस्कार करणारे एक टिपण फिरत होते. थेट निवडून आलेला अध्यक्ष आणि न्यायव्यवस्थेवर त्याच्याच अध्यक्षतेखालील परिषद अशी त्यातील कल्पना होती. बॅ. अ. र. अंतुले यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले. स्वर्णसिंग समितीने १९७६ मध्ये संसदीय पद्धतीच्याच बाजूने कौल दिला आणि ते टिपण मागे पडले. कल्पना मात्र मेली नाही. वसंत साठे यांनी ऐंशीच्या दशकात तिचा सातत्याने पुरस्कार केला. त्यांचा मुद्दा आघाडीच्या अस्थिर राजकारणाविषयी होता आणि तो अप्रामाणिक नव्हता. पण ज्या देशाने नुकताच एकहाती कारभार अनुभवला होता, त्याला स्थैर्याचे हे आश्वासन पेलण्याजोगे वाटले नाही.

शेजारच्या श्रीलंकेने तो प्रयोग केला. तेथे १९७८ च्या राज्यघटनेने कार्यकारी अध्यक्षपद आणले. दोनच कार्यकाळांची मर्यादा २०१० मध्ये काढून टाकण्यात आली, २०१५ मध्ये ती पुन्हा घालण्यात आली, आणि अध्यक्षांचे अधिकार २०२० मध्ये वाढवून २०२२ मध्ये पुन्हा कमी करण्यात आले. अमेरिकेत दोन कार्यकाळांची मर्यादा १९५१ पासून घटनेतच आहे. तथापि १ जुलै २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाला त्याच्या मूलभूत घटनात्मक अधिकारातील कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण असल्याचा निर्णय दिला. कालमर्यादा आणि अधिकारमर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसते.

कुंपण कुठे घातले, कुठे राहिले

आणीबाणीत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे अनुच्छेद ७४ मध्ये स्पष्टपणे लिहिले. जनता राजवटीतील ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) ते बंधन कायम ठेवले, पण सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. ही मुभा लहान दिसते, पण निरुपयोगी नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेश आणि १९९८ मध्ये बिहार येथील राष्ट्रपती राजवटीच्या शिफारशी परत पाठवल्या, तेव्हा दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांची सरकारे केंद्रात होती आणि दोन्ही सरकारांनी त्या वेळी माघार घेतली.

४४ व्या दुरुस्तीचा खरा रोख होता आणीबाणीवर. ‘अंतर्गत अशांतते’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येणार नाही, असे ठरले. महिनाभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी आणि पुढे दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी आवश्यक झाली. लोकसभेच्या एकदशांश सदस्यांना घोषणा फेटाळण्यासाठी खास बैठकीची मागणी करता येऊ लागली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयात मागता येईल, अशी तजवीज झाली. १९७५ ची रात्र तशीच्या तशी पुन्हा येणे आता अवघड आहे.

मात्र लेखी निर्णयाची अट अनुच्छेद ३५२ पुरती आहे. राज्यांतील राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ ला ती लागू नाही. महाराष्ट्राने ही राजवट १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा पाहिली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी लागू झालेली राजवट २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि त्याच सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न घेता राष्ट्रपतींकडे शिफारस गेली होती, आणि आधार होता तोच नियम १२. १९७५ मध्ये त्या नियमाने स्वातंत्र्ये गोठवली होती, २०१९ मध्ये त्याने राष्ट्रपती राजवट मागे घेतली. परिणामांच्या दृष्टीने दोन्ही प्रसंगांची तुलना होऊ शकत नाही. पण निकड कशाला म्हणायचे, हे दोन्ही वेळी एकाच व्यक्तीने ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला आणि सरकारने चाचणीआधीच राजीनामा दिला.

राष्ट्रपतींना कालमर्यादा घालता येते काय, हा प्रश्न २०२५ मध्ये पुढे आला. विधेयकांवर निर्णयासाठी राष्ट्रपतींना तीन महिन्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने ८ एप्रिलला घातली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्यावर न्यायालयाचे मत मागवले आणि अशी मुदत न्यायालयाला घालता येणार नाही, असे मत पाच सदस्यीय घटनापीठाने २० नोव्हेंबरला दिले.

मराठवाड्याची उलटी मागणी

आता पुन्हा पूर्णेकाठी. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ चे रूप बदलले. त्यातील दुसऱ्या खंडानुसार विदर्भ व मराठवाड्यासाठी विकास मंडळे आणि निधीचे समन्यायी वाटप यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती आपल्या आदेशाने राज्यपालांवर सोपवू शकतात. निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या हातातला निर्णय काही अंशी न निवडलेल्या पदाकडे नेणारी ही तरतूद आहे. एरवी लोकशाहीवादी माणसाने तिला हरकत घ्यावी.

ती अमलात यावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत अग्रभागी होते गोविंदभाई श्रॉफ, निजामाविरुद्धच्या लढ्यातील पहिल्या फळीचे नेते. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे मांडल्यावरही पाणी आणि पैसा मराठवाड्याकडे वळत नाही, विधिमंडळातील संख्याबळ आपल्या बाजूने नाही आणि म्हणून वैधानिक मंडळ हवे, अशी मराठवाडा जनता विकास परिषदेची भूमिका होती. फर्मानांविरुद्ध आयुष्य वेचलेल्या माणसाने बहुमताच्या कारभारावर राष्ट्रपतींच्या आदेशाचा अंकुश मागावा, यात विसंगती दिसेल. परंतु त्यांनी मागितलेला अधिकार घटनेत लिहिलेला, मुदतीचा आणि एका कामापुरता होता. निजामाचा यांपैकी काहीच नव्हता.

राष्ट्रपतींचा आदेश मार्च १९९४ मध्ये निघाला. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी २००१ मध्ये अनुशेषाच्या निधीवाटपाबाबत राज्य सरकारला निर्देश दिले, तेव्हा निवडून आलेल्या सरकारच्या अर्थसंकल्पात राज्यपालांनी किती हात घालावा, यावर बराच वाद झाला. मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. अखेरची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.