परळची भूक आणि पेशींचा उपास

आजचा धागा उपासावर आहे, पण एकादशीच्या नव्हे. परळमध्ये हाफकिन संस्था आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. लहानपणी रक्ताच्या कर्करोगातून वाचलेली आणि आज चाळिशीला टेकलेली माणसे ‘मी सोळा तास उपाशी राहिलो तर चालेल का?’ असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाची मुळे शोधत आपल्याला याच दोन आवारांत यावे लागते.

हाफकिनची इमारत एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८९९ साली तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत दाखल झाली. गरोदर स्त्रियांना, त्यातही गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना, एक भयंकर रक्तक्षय जडत होता आणि कित्येकींचा त्यात अंत होत होता. विल्सने या बायका काय खातात याचा शोध घेतला. ज्यांच्या ताटात भाजी, फळे आणि दूध जवळजवळ नव्हते, त्यांच्यातच हा रोग अधिक होता. इलाज सापडला तो यीस्टच्या अर्कात, म्हणजे इंग्रजांच्या घरी पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या मार्माइटमध्ये. १९३१ साली तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातले अनाम द्रव्य पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखले गेले. तेच आपले फोलेट. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला फोलिक ॲसिडची गोळी दिली जाते, तिचा उगम असा गिरणगावच्या उपासमारीत आहे. २०१९ साली गूगलने विल्सचे डूडल केले तेव्हा पुष्कळांनी तिचे नाव प्रथमच ऐकले. आपल्या शालेय पुस्तकांत तिला एक ओळ मिळायला काय हरकत होती, असे मला अजूनही वाटते.

त्याच १९३१ साली सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ल्युकेमियाने वारल्या. त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झालेल्या प्रयत्नांतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत पालकाच्या पानांपासून फोलिक ॲसिड वेगळे करण्यात आले.

आता कथेला कलाटणी मिळते. वेगाने वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला फोलेट लागते. मग ती गर्भाची असो वा कर्करोगाची. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले की, फोलिक ॲसिडच्या वर्गातील द्रव्ये दिल्यावर मुलांचा ल्युकेमिया उलट भडकतो. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला : पेशींना फोलेट मिळूच दिले नाही तर? लेडर्ले कंपनीत आंध्रच्या भीमवरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूने फोलेटची जागा बळकावणारी, पण त्याचे काम न करणारी रसायने तयार केली होती. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांनी सोळा मुलांना दिले. दहांचा रोग काही काळ हटला. हा अहवाल १९४८ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. परळच्या बायकांना ज्या द्रव्याच्या अभावाने मारले, त्याच द्रव्याचा अभाव आता पेशींवर लादून मुलांना वाचवायचे होते.

मुंबईत या उपचाराला शिस्तबद्ध रूप आले ते १९८४ पासून. डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने ‘एमसीपी ८४१’ हा उपचारक्रम आखला गेला. त्यात मेथोट्रेक्सेट होते. ॲस्पॅराजिनेजही होते, हे औषध रक्तातील ॲस्पॅराजिन नष्ट करते आणि ते स्वतः बनवू न शकणाऱ्या रोगट पेशींची उपासमार होते. पूर्वी जेमतेम पाचातले एक मूल जगत असे. आता निम्म्याच्या आसपास मुले जगू लागली.

जगण्याची किंमत मात्र शरीराने लक्षात ठेवली. त्या काळी डोक्याला किरणोपचार दिले जात. त्यामुळे मेंदूतील भुकेचे आणि वाढीचे नियंत्रण बिघडू शकते, पोटाभोवती चरबी साचते. डॉनोरुबिसिनसारखी औषधे हृदयाचा स्नायू दुबळा करू शकतात. हे ओळखून डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळे बाह्यरुग्ण केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले. बरे झालेल्या मुलांना वर्षानुवर्षे परत बोलावून तपासायचे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. जागा, पैसा आणि डॉक्टर आजाऱ्यांनाच अपुरे असताना धडधाकट दिसणाऱ्यांसाठी त्यांतला वाटा काढणे सोपे नसते. या इतिहासातला मला सर्वांत धाडसी वाटणारा निर्णय हाच.

१९८४ साली पाच वर्षांचे असलेले मूल आज पंचेचाळिशी ओलांडून गेले आहे. एरवीही मराठी घरांत याच वयात साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होतात. त्यात गेल्या दशकात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत लालबागच्या चाळींपासून दादरच्या शिवाजी पार्कापर्यंत पोहोचली. आपला पारंपरिक उपास म्हणजे ‘एकादशी, दुप्पट खाशी’. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप. त्यापुढे पचपन्न मिनिटांत जेवण आटोपून बाकीचा वेळ तोंड बंद ठेवणे हा खरोखरच निराळा प्रकार होता.

उपासाच्या बाजूने प्रयोगशाळेत पुरावा आहे. २०१७ साली उंदरांवरील एका प्रयोगात उपासाने याच जातीच्या ल्युकेमियाची वाढ रोखली गेली. परंतु रोगट उंदराचा उपास आणि तीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या माणसाचा उपास या दोन गोष्टी एक नव्हेत. अशा माणसाचे स्नायू बहुधा मुळातच कमी असतात आणि वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ज्याचे शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल पुरेसे बनवत नाही, त्याच्यासाठी दीर्घ उपास आणखीच जोखमीचा. म्हणून अशा व्यक्तीने घड्याळ लावण्याआधी आपली जुनी फाइल काढावी : कोणती औषधे, किती मात्रा, किरणोपचार झाले की नाही, हृदयाचा शेवटचा इको कधी काढला. मग ती फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावे.

पुष्कळांकडे ती फाइल नसते. आईवडिलांनी लग्नाच्या काळजीने आजाराचे नावच घरात काढू दिलेले नसते आणि कागद कधीच रद्दीत गेलेले असतात. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात जुना केस नंबर किंवा नाव आणि साल सांगून चौकशी करता येते.