व्हिसाच्या मेडिकलमध्ये पास, तरी अमेरिकेत पोहोचल्यावर पुन्हा टीबीची तपासणी का?

अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाने आई-बाबांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला. मुंबईत त्यांचं मेडिकल झालं. बाबांच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला म्हणून थुंकीही तपासली. रिपोर्ट निगेटिव्ह आला, व्हिसा मिळाला आणि दोघं न्यू जर्सीला पोहोचले. काही आठवड्यांनी तिथल्या आरोग्य विभागाचं पत्र आलं : टीबीच्या पुढच्या तपासणीसाठी या.

अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, "सगळं निगेटिव्ह होतं ना? मग आता काय? परत पाठवणार की काय?" आणि पत्र बाजूला ठेवून द्यावंसं वाटतं.

थोडक्यात उत्तर असं : हे पत्र म्हणजे संशय नाही आणि शिक्षाही नाही. व्हिसाआधीची तपासणी आणि पोहोचल्यानंतरची तपासणी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधतात. पहिली विचारते, 'या माणसाला आज संसर्गजन्य टीबी आहे का?' दुसरी विचारते, 'या माणसाला उद्या टीबी होऊ शकतो का आणि तो आत्ताच टाळता येईल का?'

व्हिसाआधी नेमकं काय तपासतात?

अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडूनच करावी लागते. त्यांना पॅनेल फिजिशियन म्हणतात. तपासणीचे नियम अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी ठरवते.

भारतासारख्या टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांत १५ वर्षांवरील प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे काढतात. २ वर्षांपासून पुढच्या अर्जदारांची 'इग्रा' ही रक्तचाचणीही करतात. आपल्याकडच्या लॅबमध्ये ती 'टीबी गोल्ड' या नावाने ओळखली जाते.

एक्स-रेमध्ये टीबीसारखं काही दिसलं, लक्षणं असली किंवा एचआयव्हीचा संसर्ग असला, तर तीन वेगवेगळ्या दिवशी थुंकीचे नमुने घेतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कल्चरलाही लावतात. टीबीचा जंतू फार हळू वाढतो. त्यामुळे कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. अनेकांचा व्हिसा इथेच दोन महिने अडकतो, त्याचं कारण हे.

'क्लास ए' आणि 'क्लास बी' म्हणजे काय?

तपासणीनंतर गरजेनुसार अर्जदाराला वर्ग दिला जातो.

- क्लास ए : संसर्गजन्य टीबी आहे. साधारणपणे उपचार पूर्ण झाल्याशिवाय प्रवासाला परवानगी मिळत नाही.
- क्लास बी-० : टीबी निघाला होता, पण पॅनेल फिजिशियनच्या देखरेखीखाली उपचार पूर्ण झाले.
- क्लास बी-१ : एक्स-रे किंवा इतर माहितीवरून टीबीची शंका आहे, पण थुंकीचे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत. जुना टीबी बरा होऊन डाग राहिलेले अनेक ज्येष्ठ नागरिक याच वर्गात येतात.
- क्लास बी-२ : रक्तचाचणी पॉझिटिव्ह आहे, पण आजार नाही. म्हणजे सुप्त संसर्ग.
- क्लास बी-३ : टीबीच्या रुग्णाशी अलीकडे जवळून संपर्क आला आहे.

यातल्या 'बी-१' आणि 'बी-२'चा पर्यटक किंवा बिझनेस व्हिसाच्या बी-१, बी-२शी काहीही संबंध नाही. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो, एवढंच.

क्लास बी मिळालेली व्यक्ती अमेरिकेत उतरली की ती माहिती सीडीसीच्या यंत्रणेतून त्या राज्याच्या आणि पुढे स्थानिक आरोग्य विभागाकडे जाते. तिथून पत्र किंवा फोन येतो. आल्यानंतर साधारण महिन्याभरात तपासणी सुरू व्हावी, असा प्रयत्न असतो.

निगेटिव्ह रिपोर्ट असताना पुन्हा तपासायचं कशाला?

याचं उत्तर टीबीच्या स्वभावात आहे. जंतू शरीरात शिरला म्हणजे लगेच आजार होतो असं नाही. बहुतेकांमध्ये प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, वजन घटत नाही. त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. याला सुप्त संसर्ग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे.

संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत हा धोका सर्वाधिक असतो, पण तो पुढेही संपत नाही. तरुणपणी शिरलेला जंतू साठीनंतर जागा होऊ शकतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, एचआयव्ही, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, सांधेदुखीवरची काही नवी इंजेक्शनं यामुळे ही शक्यता वाढते.

थुंकीची तपासणी फक्त जागा झालेला जंतू पकडते. झोपलेला जंतू थुंकीत येतच नाही. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ 'त्या वेळी थुंकीत जंतू सापडला नाही' एवढाच. शिवाय तपासणी आणि प्रवास यांच्यामध्ये काही आठवडे किंवा महिने जातात.

देशांच्या आकड्यांतला फरकही पाहा. भारतात दरवर्षी लाखामागे जवळपास २०० जणांना टीबी होतो, अमेरिकेत सुमारे ३ जणांना. अमेरिकेतल्या रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश परदेशात जन्मलेले असतात आणि तिथले बहुसंख्य रुग्ण हे जुना सुप्त संसर्ग जागा झाल्याचे असतात. म्हणजे आजार विमानतळावर खोकत उतरलेला नसतो. तो काही वर्षांनी, तिथे स्थिरस्थावर झालेल्या माणसात उमटतो. तो आधीच रोखायचा तर पोहोचल्यावर लगेच तपासणं हाच मार्ग आहे.

क्लिनिकमध्ये काय होतं?

आधी प्रश्न विचारतात : खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन कमी होणं आहे का? आधी टीबी झाला होता का? घरात कोणाला झाला होता का? इतर कोणते आजार, कोणती औषधं?

त्यानंतर गरजेप्रमाणे रक्तचाचणी आणि छातीचा नवा एक्स-रे. नवा एक्स-रे भारतातल्या एक्स-रेशी ताडून पाहतात. डाग तसाच आहे की बदलला आहे, हे यातून कळतं. गरज वाटली तर पुन्हा थुंकी तपासतात.

शेवटी तीनपैकी एक निष्कर्ष निघतो : काहीच नाही, सुप्त संसर्ग आहे किंवा प्रत्यक्ष आजार आहे.

'मला लहानपणी बीसीजी दिलं होतं, म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली' हे खरं का?

हे अर्धं खरं आहे. हातावर इंजेक्शन देऊन ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात ती मॉन्टू टेस्ट बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा रक्तचाचणीवर मात्र बीसीजीचा परिणाम होत नाही. म्हणून दंडावर बीसीजीचा व्रण असलेल्या आपल्यासारख्यांसाठी रक्तचाचणी जास्त उपयोगाची. ती पॉझिटिव्ह आली तर 'लशीमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक गोष्ट. उपचार पूर्ण झाल्यावरही ही चाचणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते. त्यामुळे उपचार झाल्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. नोकरीत किंवा नर्सिंग होममध्ये पुन्हा चाचणी मागितली तर तेच कामी येतं.

सुप्त संसर्ग निघाला तर?

डॉक्टर प्रतिबंधक उपचार सुचवतात. पूर्वी सहा ते नऊ महिने रोज गोळ्या घ्याव्या लागत. आता कमी मुदतीचे पर्याय आहेत : आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे, रोज एक औषध चार महिने किंवा रोज दोन औषधं तीन महिने. भारतातही टीबी रुग्णाच्या घरातल्या लोकांना असा प्रतिबंधक उपचार दिला जातो.

या औषधांमधल्या रिफॅम्पिसिनच्या गटामुळे लघवी, घाम, अश्रू नारिंगी दिसतात. त्याने घाबरायचं कारण नाही. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची काही औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम हीच औषधं कमी करू शकतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक काढे-चूर्णांसह, डॉक्टरांना दाखवा. यकृतावर ताण येऊ शकतो, त्यामुळे या काळात दारू टाळा. भूक मेली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद तपकिरी झाली तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

प्रत्यक्ष आजार निघाला, तर साधारणपणे काही महिन्यांचे उपचार लागतात. संसर्गाची शक्यता असेल तोपर्यंत घरीच वेगळं राहायला सांगतात.

गेलो नाही तर? व्हिसावर परिणाम होतो का?

अमेरिकेत क्लास बीची ही पुढची तपासणी करून घेण्याची शिफारस केली जाते. तिथे न गेल्यामुळे ग्रीन कार्ड रद्द होत नाही. तसंच, गेल्यावर सुप्त संसर्ग निघाला म्हणूनही ते रद्द होत नाही. सुप्त संसर्ग हे प्रवेश नाकारण्याचं कारणच नाही.

भीतीला इतिहास आहे, हे मात्र खरं. १९०७च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्याने टीबीच्या रुग्णांना थेट प्रवेशबंदी केली होती. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. आज परिस्थिती वेगळी आहे : आजार बरा होतो आणि संसर्ग आजार होण्याआधीच आटोक्यात आणता येतो.

न जाण्याचा खरा तोटा घरातच होतो. आजी-आजोबा बहुतेकदा नातवंडं सांभाळायला गेलेले असतात. आजोबांना मधुमेह असतो आणि मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये टीबी पटकन पसरतो, मेंदूच्या आवरणापर्यंतही जाऊ शकतो. आजोबांचा खोकला 'इथली थंडी मानवत नाही' म्हणून महिनाभर अंगावर काढला जातो. टीबी क्वचितच पाहणाऱ्या डॉक्टरांच्याही तो लगेच लक्षात येईलच असं नाही. पहिल्या महिन्यातली एक फेरी हे सगळं टाळू शकते.

इतर देशांत काय नियम आहेत?

- कॅनडा : जुन्या, निष्क्रिय टीबीच्या खुणा असतील तर 'मेडिकल सर्व्हेलन्स'ची अट घातली जाते. पोहोचल्यावर साधारण ३० दिवसांत सार्वजनिक आरोग्य विभागाशी संपर्क साधावा लागतो. इथे ती प्रवेशाची अट आहे, नुसती शिफारस नाही.
- ऑस्ट्रेलिया : अर्जदाराकडून 'हेल्थ अंडरटेकिंग' लिहून घेतात. पोहोचल्यावर २८ दिवसांत संपर्क साधायचा असतो.
- ब्रिटन : सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयांना व्हिसाआधी मान्यताप्राप्त क्लिनिकचं टीबी प्रमाणपत्र लागतं. इंग्लंडमध्ये टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांतून गेल्या पाच वर्षांत आलेल्या १६ ते ३५ वयोगटातल्या लोकांसाठी सुप्त संसर्गाच्या चाचणीचा कार्यक्रम २०१५ पासून सुरू झाला. टीबीचे उपचार तिथे सर्वांना मोफत आहेत.

एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर गेलो असेन तर?

या व्हिसांसाठी सहसा असं मेडिकल नसतं, म्हणून पत्रही येत नाही. काही विद्यापीठं स्वतः चाचणी मागतात. पुढे अमेरिकेतच ग्रीन कार्डसाठी अर्ज केला की तिथल्या सिव्हिल सर्जनकडे इग्रा करावी लागते. तोवर थांबायची गरज नाही. घरात कोणाला टीबी झाला असेल, किंवा मधुमेहासारखा आजार असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर काय कराल?

- मेडिकलनंतर कोणता वर्ग मिळाला हे क्लिनिकमध्ये विचारून घ्या.
- एक्स-रे, थुंकीचे रिपोर्ट आणि जुन्या उपचारांचे कागद सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा.
- आधी झालेला टीबी लपवू नका. डाग एक्स-रेमध्ये दिसतोच, आणि उपचार पूर्ण केल्याची माहिती तुमच्याच बाजूची असते.
- पत्र व्हिसाच्या कागदांवरच्या पत्त्यावर जातं. घर बदललं, तर आरोग्य विभागाला स्वतःहून कळवा.
- महिना उलटूनही कोणी संपर्क केला नाही, तर काउंटीच्या आरोग्य विभागात टीबी क्लिनिकची चौकशी करा. अनेक ठिकाणी ही तपासणी मोफत किंवा अल्प दरात होते. अपॉइंटमेंट घेतानाच खर्च विचारा.
- इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा. मराठी मिळाला नाही तर हिंदी मिळण्याची शक्यता असते.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पत्राची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि 'मी भारतातून आलोय, टीबी तपासा' असं स्पष्ट सांगा.

तुमच्या ओळखीत कोणाचे आई-बाबा परदेशी राहायला निघाले असतील, तर हे त्यांच्यापर्यंत पोहोचवा. पत्र आलं तर ते फ्रिजवर चिकटवून ठेवायचं नाही, त्यावरच्या नंबरला फोन करायचा.