पट्टीगणिक ठरणारं माप

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड हे गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, तेव्हा समीक्षकांना अमूर्त चित्रं आठवली. कुठे रेघ कललेली, कुठे एकाच बाजूची किनार रुंद झालेली. हे सौंदर्य खरंच आहे. पण त्याचं मूळ चित्रकलेपेक्षा मापाच्या अडचणीत अधिक सापडतं, असं मला वाटतं.

गावातले लोक गुलामांचे वंशज; ते कुळानं कापूस पिकवत. 1932 मध्ये एका मृत व्यापाऱ्याच्या वारसांनी उधारीपोटी त्यांची जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्यही ओढून नेलं. अशा घरात गोधडीसाठी नवं कापड कुठून येणार? हाताशी असत त्या खताच्या गोण्या आणि विटलेल्या पँटी. गुडघ्यावर विरलेल्या पँटीतून धड कापड निघतं ते लांबटच. म्हणून ‘हाउसटॉप’ ही रचना सोयीची: मधल्या तुकड्याभोवती चारी बाजूंनी पट्ट्या जोडत जायचं. शिवून दोन इंच उरणाऱ्या पट्टीचा एक फेरा झाला, की लांबी-रुंदी चार-चार इंचांनी वाढते. अंगभर झाली की थांबायचं. फक्त लांबी तोकडी असेल, तर डोक्याकडे नि पायाकडेच पट्टी लावायची. तिथे समतोल मोडतो आणि नवी रचना जन्मते. मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली गोधडीही अशीच ठोकळे आणि पट्ट्या जुळवून झाली आहे.

मग ही निव्वळ गरज, हिला कला का म्हणायचं, असं कोणी विचारेल. गरज एवढंच सांगते, की आणखी चार इंच हवेत. तिथे निळी पट्टी घालायची की मातकट, हे शिवणारीच ठरवते. दुसरा आक्षेप सफाईच्या अभावाचा. त्याचं उत्तर 1966 मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ या सहकारी संस्थेनं दिलं आहे. तिथे जीज बेंडच्या आणि आसपासच्या बायका मोठ्या दुकानांसाठी ठरल्या मापाचा, एकसारखा माल शिवत. 1972 पासून सीअर्स या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रेही. उरलेल्या कॉर्डरॉयच्या मात्र घरी पुन्हा मनाजोगत्या गोधड्या झाल्या. काटेकोरपणा त्यांना येत होता. घरच्या गोधडीत त्यांनी मोकळीक निवडली. म्हणूनच संग्रहालयात या गोधड्यांशेजारी लिहिलेली लांबी-रुंदी ही कोरडी नोंद समजू नये. रचना कळायची असेल, तर वाचन तिथून सुरू करावं.